उपकेंद्राच्या फाटकावर उभा असलेला फौजी उपकेंद्राच्या आत कसा जाईल?

रानजाई | १४ जून, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा मोठा भाऊ बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात, इलेक्ट्रिशियन होता. ट्रेनिंग खडकीला, मग राजस्थान, आसाम आणि शेवटी लडाख. सतरा वर्षं नोकरी झाली, पेन्शन बसली होती आणि इकडे आईचं डायलिसिस सुरू झालं, म्हणून तो नाईक असतानाच घरी आला. वय छत्तीस. राहायला आम्ही विक्रोळीला, कन्नमवार नगरात.

आल्यावर दोन महिन्यांत एका सिक्युरिटी एजन्सीने त्याला कामावर घेतलं. ड्युटी कुठे, तर एका वीज उपकेंद्राच्या फाटकावर. बारा तास. येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे आणि रात्री यार्डात राउंड मारायचा.

मागच्या महिन्यात राउंडवर असताना त्याला दिसलं की ट्रान्सफॉर्मरच्या ब्रीदरमधली सिलिका जेल निळीची गुलाबी झालीय. म्हणजे तिने ओल धरली, आता ती बदलायला हवी, नाहीतर दमट हवा आत तेलापर्यंत जाईल. हे मला त्यानेच समजावलं. सकाळी तो तिथल्या साहेबांना सांगायला गेला. ते म्हणाले, "तुम्ही गेट बघा." त्यांचंही काही चुकलं असं दादा म्हणत नाही, गणवेश सिक्युरिटीचा होता ना. पण त्या दिवशी तो घरी येऊन जेवला नाही.

लडाखमध्ये पंधरा हजार फुटांवर याच्याकडे पोस्टचे जनरेटर असायचे. तिथे विरळ हवेत इंजिन पूर्ण ताकद देत नाही, साधं डिझेल गोठतं, बॅटरी निम्म्यात मान टाकते. अशा ठिकाणी याने पोस्टवरचे दिवे आणि वायरलेस चालू ठेवलेत. आणि मुंबईत तो रजिस्टर लिहितोय. रिटायर होण्याआधीच्या पुनर्वसन कोर्समध्येही त्याने सिक्युरिटी सुपरवायझरचाच घेतला, कारण बाकीचे मित्र तोच घेत होते.

विजेच्या क्षेत्रात, आतल्या कामावर, माजी सैनिकाला कसं जाता येतं? कुणाच्या घरात, ओळखीत कुणी गेलंय का? कृपया खरं काय ते लिहा. "देशसेवेला सलाम" पुष्कळ झाले.

निवृत्त_यंत्रचालक | १५ जून, सकाळी ७:०५

रानजाई, तुमच्या भावाने बरोबर ओळखलं होतं. ब्रीदर गुलाबी दिसला की सांगितलंच पाहिजे, मग पाहणारा कोणीही असो.

मी मुंबईत वीजपुरवठ्यात चौतीस वर्षं काढली, बरीचशी उपकेंद्रात शिफ्टवर. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मुंबईत वीज कोण देतं ते. शहरात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, बेस्ट. उपनगरांत मुख्यतः अदानी, ते २०१८ मध्ये रिलायन्सच्या जागी आले. टाटा पॉवर ट्रॉम्बेला आणि खोपोली-भिवपुरी-भिरा इथे वीज तयार करते, शिवाय शहरात काही ग्राहकांना वाटतेही. भांडुप-मुलुंड आणि पुढे ठाणे-नवी मुंबई महावितरणकडे. जिथे अर्ज करायचा तिथली भरती कशी चालते हे वेगवेगळं आहे, म्हणून हे सांगतोय.

महावितरणसारख्या सरकारी कंपनीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण असतं. केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांत गट क ला १४.५ टक्के. वयातही सवलत मिळते: सैन्यात काढलेली वर्षं वजा करतात आणि वर तीन वर्षं देतात. पण विद्युत सहाय्यकाच्या जाहिरातीत दहावी आणि इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेडचं आयटीआयचं राष्ट्रीय प्रमाणपत्र मागतात. आपली मुलं इथे अडकतात. फौजेतल्या ट्रेडचा दाखला असतो, पण तो हवा त्या नावाचा नसतो. पंधरा वर्षं सेवा झाली की दहावी पास जवानाला पदवीसमकक्ष प्रमाणपत्र मिळतं, ते दाखवून काहीजण तांत्रिक पदाला अर्ज करतात आणि बाद होतात. ते प्रमाणपत्र जिथे तांत्रिक पात्रता लागत नाही अशा गट क च्या पदांसाठी आहे. या गोंधळात मी चांगल्या माणसांची वर्षं वाया गेलेली पाहिलीत.

म्हणून माझं मत, आधी परवाना. विजेच्या मांडणीचं काम परवानाधारक ठेकेदारानेच करायचं, ते सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व्हायला हवं आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे तारतंत्रीचा परवाना हवा, हा कायदा आहे. मुंबईतलं केबल टाकणं, जॉइंट मारणं, आरएमयूची (केबलच्या रिंगवरच्या स्विच-पेटीची) देखभाल यातलं बरंचसं काम ठेकेदारांकडून होतं. ठेकेदाराला कागद असलेला माणूस लागतोच. विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात डिस्चार्ज बुक आणि ट्रेडचे सगळे दाखले घेऊन दादाने स्वतः जावं आणि आपल्या अनुभवावर कोणत्या परीक्षेला बसता येईल ते विचारावं. एजंटाच्या नादी लागू नये.

आता कडू वाटेल ते. फौजेतला जनरेटर आणि शहराचं जाळं यांत फरक आहे. पोस्टवर वीज एका बाजूने येते. इथे रिंग असते. एक टोक बंद केलं तरी दुसरीकडून केबल जिवंत असू शकते, आणि एखाद्या इमारतीच्या जनरेटरमधून उलटा पुरवठाही येऊ शकतो. हे शिकायला वर्षभर तरी कुणाच्या तरी हाताखाली काढावं लागेल, आणि तो "कुणीतरी" कदाचित चोवीस वर्षांचा पोरगा असेल. त्याची तयारी आहे का, हे दादाला आधीच विचारा.

मोहर | १५ जून, सकाळी ९:४०

काका, "कडू" भाग सगळ्यात उपयोगी. वाचनखूण साठवली.

खलाशी_ऐरोली | १५ जून, दुपारी १:१५

मी नौदलातून आलो. इलेक्ट्रिकल मेकॅनिक पॉवर (ईएमपी), जामनगरला वलसुरात शिकलो, पंधरा वर्षं जहाजांवर. आता नवी मुंबईत एका डेटा सेंटरमध्ये शिफ्ट इनचार्ज आहे. हे थेट वीज कंपनीचं काम नाही, पण दिवसभर हात त्याच गोष्टींवर असतात: एचटी (उच्चदाब) पॅनेल, ट्रान्सफॉर्मर, डीजी (डिझेल जनरेटर) सेट, यूपीएस, बॅटरी बँक. ऐरोली-महापे पट्ट्यात अशी सेंटरं वाढत चाललीत. दादाने इकडेही बघावं.

मला पहिल्या चार ठिकाणी नकार आला. पाचव्या ठिकाणच्या बाईंनी मला समोर बसवून विचारलं, "ईएमपी म्हणजे काय? 'वॉचकीपिंग' म्हणजे पहारा का?" त्यांना वाटत होतं मी पहारेकरी होतो! जहाजावर वॉच म्हणजे पाळी. मी नोकरीचे कागद आमच्या भाषेत लिहिले होते, त्यांच्या नाही. घरी येऊन बायोडाटा फाडला आणि पुन्हा लिहिला.

आधी होतं: "शिप्स कंपनी, वॉचकीपर, स्विचबोर्ड, चार वर्षं."

नंतर केलं: "चार डिझेल जनरेटर असलेल्या पॉवर प्लांटचं शिफ्टमध्ये संचालन. जनरेटर सिंक्रोनाइज करणं, भार वाटणं, ब्लॅकआउट झाल्यास महत्त्वाचा भार आधी परत आणणं. हाताखाली सहा माणसं. चार वर्षांत एकही अपघात नाही."

माणूस तोच, काम तेच. दुसऱ्या कागदावर मला बोलावणं आलं.

दादाने किती केव्हीए क्षमतेचे सेट चालवले, व्होल्टेज किती, किती किलोमीटर केबल टाकली, कोणत्या तापमानात, हाताखाली किती जण, हे सगळं आठवून लिहावं. गोपनीय ते लिहायचं नाही, युनिटचं ठिकाण, पोस्टचं नाव काही नको. पण केव्हीए काही गुपित नाही.

रानजाई | १५ जून, रात्री १०:५०

खलाशीदादा, तुमचा प्रतिसाद मी त्याला मोठ्याने वाचून दाखवला. "वॉचकीपिंग म्हणजे पहारा का" ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. मग उठून ट्रंकेतलं डिस्चार्ज बुक काढलं. आत्ता आम्ही दोघं वही घेऊन बसलोय. त्याला त्याने केलेलं काम सांगता येत नाही. म्हणतो, "त्यात काय, सगळेच करायचे."

काका, चोवीस वर्षांच्या साहेबाबद्दल विचारलं. म्हणाला, "फौजेत लेफ्टनंट साहेब बावीसचेच असतात."

कागदोपत्री | १६ जून, सकाळी १०:३०

मी विजेची कामं घेणाऱ्या एका ठेकेदार कंपनीत भरती बघते. नाव लिहिणार नाही. आमच्या बाजूचं सांगते, कारण ते कोणी सांगत नाही.

माजी सैनिकाचा अर्ज आला की आमचे साईट इंजिनिअर तीन शंका काढतात. कागद आहेत का? पगाराची अपेक्षा काय? आणि लोकांशी बोलता येईल का? रात्री दोन वाजता सोसायटीच्या फाटकाशी पन्नास माणसं ओरडत असतात, "लाइट कधी येणार?" तिथे हुकूम चालत नाही आणि गप्प राहूनही चालत नाही.

पहिल्या शंकेला काकांनी उत्तर दिलंय. दुसरीत आमचीच चूक जास्त. पेन्शन मिळते म्हणून याला कमी दिलं तरी चालेल असं धरून बसणारे लोक मी पाहिलेत, आणि हे अन्यायाचं आहे. पेन्शन त्याच्या मागच्या कामाची आहे, आमच्या कामाचा पगार आम्हीच द्यायचा. दादाला सांगा, मुलाखतीत पेन्शनचा आकडा विचारला तर तो सांगायची गरज नाही.

तिसरी शंका एका माणसाने माझ्यापुरती कायमची मिटवली. आमच्याकडे ईएमईमधून (फौजेची वाहनं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेतून) आलेले एक हवालदार आहेत. पहिल्याच आठवड्यात एका मुलाने सांगितलं, "केबल बंद आहे, परमिट मिळालंय, कापा." त्यांनी टेस्टर मागितला. मुलगा चिडला, "सांगितलं ना बंद आहे." ते शांतपणे म्हणाले, "बाळा, दुसऱ्याने रायफल रिकामी आहे म्हणून हातात दिली तरी आम्ही चेंबर स्वतः बघतो." तपासलं, केबल बंदच होती. तरी त्यांनी आर्थिंग करूनच काम सुरू केलं. आता आमच्याकडे नव्या मुलांना सेफ्टीची ओळख तेच करून देतात.

लाइनवर माणसं मरतात ती बहुतेकदा याच एका वाक्यापायी: "सांगितलं ना बंद आहे." ज्याच्या अंगात स्वतः तपासायची सवय सतरा वर्षं मुरलीय असा माणूस आम्ही फाटकावर उभा करतो, याचं मला फार वाईट वाटतं.

सातारी_वारा | १६ जून, संध्याकाळी ६:१०

थोडं वेगळं. माझे मिस्टर सिग्नल्समध्ये (फौजेच्या संदेशवहन शाखेत) होते, मास्टवर चढायची सवय. आता पवनचक्क्यांच्या देखभालीत आहेत, सातारा-सांगलीकडच्या साईटवर. कंपन्या जीडब्ल्यूओचं (ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन) प्रशिक्षण बघतात: उंचीवर काम, प्रथमोपचार, आग, वजन उचलणं. फौजी माणसाला त्यातलं निम्मं आधीच येत असतं. टॉवरच्या आत शिडीने चढायचं, सत्तर-ऐंशी मीटर.

पण रानजाई, तुमच्या आईचं डायलिसिस आहे. आठवड्यातून दोन-तीनदा न्यायला घरात माणूस लागतो. हे महिन्यातले वीस दिवस डोंगरावर असतात आणि डोंबिवलीत मी एकटी. पगार बरा आहे, पण नोकरी निवडताना याचाही विचार करा. फौजेत असताना घरापासून लांब राहिलेला माणूस परत लांब गेला की मुलं विचारतात, "बाबा रिटायर झाले ना?"

न्यूजर्सीकर | १७ जून, पहाटे ४:३०

अमेरिकेत वीज कंपन्यांनी मिळून 'ट्रूप्स टू एनर्जी जॉब्स' नावाचा उपक्रम चालवलाय. सैन्यातल्या कोणत्या कामाचा वीज कंपनीतल्या कोणत्या पदाशी मेळ बसतो हे त्यात जुळवून दाखवतात. म्हणजे खलाशी यांना जे घरी बसून एकट्याने करावं लागलं, तेच. जुने लाइनमन निवृत्त होत होते आणि त्यांच्या जागी माणसं मिळत नव्हती, हे त्यामागचं कारण. आपल्याकडे दरवर्षी साठ हजारांच्या आसपास सैनिक निवृत्त होतात, तेही बरेचसे चाळिशीच्या आत. मुंबईतल्या कंपन्यांनी एकत्र बसून असा एक तक्ता केला तर किती सोपं होईल.

मोहर | १७ जून, सकाळी ८:५५

एक शंका. माझा भाचा अग्निवीर आहे, पहिल्या तुकड्यांतला. चार वर्षं संपत आली. त्याला हे १५ टक्के लागू होतात का?

निवृत्त_यंत्रचालक | १७ जून, सकाळी ११:२०

मोहर, माजी सैनिकाची जी व्याख्या आहे ती पेन्शनशी बांधलेली. अग्निवीराला पेन्शन नाही, चार वर्षांनंतर सेवानिधी मिळतो, त्यामुळे फक्त त्या आधारावर हे आरक्षण धरून चालू नका. पण वय त्याच्या बाजूने आहे. बावीस-तेविसाव्या वर्षी बाहेर पडून दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियनचा आयटीआय केला तरी तो पंचविशीत असेल. सेवानिधी सगळाच्या सगळा गाडीत आणि लग्नात घालू नका, एवढं त्याच्या आईवडिलांना सांगा. त्यातून शिक्षणाची दोन वर्षं निघतात.

आणि सेवेत असलेल्यांसाठी, इथे कोणी वाचत असेल तर: पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स निवृत्तीच्या आधी युनिटमार्फत मिळतात, चोवीस आठवड्यांपर्यंतचेही असतात. मित्र घेतायत तो घेऊ नका. आपला ट्रेड काय आणि बाहेर कोणता परवाना लागेल ते बघून घ्या. निवृत्तीला दोन वर्षं असतानाच सुरुवात करा. निवृत्त झाल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवून घ्या, तेही विसरतात.

एक आठवण लिहितो. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई अंधारात गेली होती. कळवा-पडघा पट्ट्यातल्या वाहिन्या गेल्या, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि तो कोविडचा काळ, रुग्णालयं भरलेली. मी ड्युटीवर होतो. सगळे फीडर (भागाभागाला वीज नेणाऱ्या वाहिन्या) एकदम घेता येत नाहीत, घेतले तर पुन्हा सगळं खाली बसतं. एकेक घ्यायचा, थांबायचं, आकडे बघायचे, पुढचा. बाहेरून फोनवर फोन. माझ्या शिफ्टला तेव्हा एक माजी वायुसैनिक होते. त्यांनी फोनकडे पाहिलंही नाही. लॉगबुकात वेळ लिहायची, मोठ्याने वाचायची, मी हो म्हटल्यावरच पुढचा ब्रेकर. त्या दिवशी मला माझ्या शेजारी असाच माणूस हवा होता. हे मी त्यांना तेव्हा बोललो नाही. आज लिहितोय.

रानजाई | ९ ऑगस्ट, रात्री ९:३०

उशिरा लिहितेय, माफ करा. दादाने सिक्युरिटीची नोकरी लगेच सोडली नाही, घर चालवायचं होतं. सुट्टीच्या दिवशी विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात तीन फेऱ्या झाल्या. एक दाखला इंग्रजीत होता पण त्यावर ट्रेडचं नाव आखूड लिहिलेलं, ते युनिटच्या रेकॉर्ड ऑफिसकडून पूर्ण लिहून मागवलं. त्यातच महिना गेला. तारतंत्री परवान्याचा अर्ज आता आत गेलाय.

बायोडाटा तयार झाला. खलाशीदादांच्या पद्धतीने. दोन पानं! त्यात एक ओळ मी आग्रहाने घातली, "उणे तीस अंशांत सलग तीन हिवाळे वीजपुरवठा चालू ठेवला." त्याला ती बढाई वाटत होती. मी म्हटलं, हे खोटं आहे का? नाही ना? मग राहू दे.

कागदोपत्री | १० ऑगस्ट, सकाळी १०:१५

राहू द्याच. पावसाळ्यात रस्ता खोदायला परवानगी नसते, तातडीच्या दुरुस्त्या तेवढ्या चालतात, त्यामुळे आत्ता ठेकेदारांकडे नवी भरती थंड असेल. सप्टेंबरच्या शेवटी अर्ज टाका. ऑक्टोबरपासून सगळ्यांना एकदम माणसं लागतात.

रानजाई | २ नोव्हेंबर, दुपारी ३:००

परवाना आला. आणि गेल्या महिन्याच्या ६ तारखेपासून दादा एका केबल ठेकेदाराकडे आहे, फॉल्ट दुरुस्तीच्या टीमवर. पगार सिक्युरिटीपेक्षा थोडाच जास्त, रात्रपाळी बरीच. दिवसा तो आईला डायलिसिसला नेऊ शकतो, म्हणून आम्हाला सोयीचं आहे. त्याचा साहेब सव्वीस वर्षांचा आहे. दादा त्याला "सर" म्हणतो आणि तो दादाला "दादा" म्हणतो.

गेल्या आठवड्यातलं सांगते. शीवजवळ जमिनीखाली केबलला फॉल्ट होता. फॉल्ट व्हॅनमधून केबलमध्ये झटके सोडतात, आणि जिथे ती फुटलीय तिथे जमिनीखाली बारीक "ठप्प" आवाज होतो. तो रस्त्यावर माइक ठेवून, कानाला हेडफोन लावून शोधायचा असतो. म्हणून रात्रीच, वाहनं कमी झाल्यावर. टीमचा नेहमीचा माणूस आजारी होता. दादाने सरांना विचारलं, मी करू का?

सुरुंग शोधताना सॅपर्स असंच चालतात म्हणे. कानाला हेडफोन, एक पाऊल, थांबा, ऐका, पुढचं पाऊल. त्याने पंचेचाळीस मिनिटांत रस्त्यावर खडूने फुली मारली. तिथे खोदलं. जुना जॉइंट होता, आत पाणी शिरलेलं, फुलीपासून हातभर अंतरावर.

सकाळी साडेसहाला घरी आला. पँट चिखलाने भरलेली. आईला म्हणाला, "काल आत होतो." आईला काही कळलं नाही, मला कळलं.

आता प्रश्न: त्याला पर्यवेक्षकाच्या परीक्षेला बसायचंय. आणि हीट श्रिंक जॉइंट (उष्णतेने आवळणारी नळी घालून केबल जोडणं) नीट शिकायचाय. टीममध्ये शिकवतात, पण घाईत. काका, काय करावं?

निवृत्त_यंत्रचालक | २ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

त्याला मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करायला सांगा. माझ्याकडे जुन्या केबलचे तुकडे आणि दोन जॉइंटिंग किट पडून आहेत. रविवारी सकाळी यावं, येताना स्वतःची सुरी आणावी.